पटावरून कां उठवितात?

खेळांतलें भांडण हें खेळाइतकेंच जुनें आहे. विटीदांडू असो कीं हुतूतू असो, ‘मी बाद नाहीं’ असें म्हणणारा गडी प्रत्येक मैदानावर भेटतो, आणि ‘तूं बाद आहेस, बाहेर हो’ असें त्यास ठणकावून सांगणारे सोबतीही भेटतात. भांडण घटकाभर चालतें, कोणी तरी वडील माणूस मध्यें पडतो, आणि दिवेलागणीच्या आंत सर्वजण पुन्हां एकत्र खेळूं लागतात. परंतु आजकाल मुलांचे पुष्कळ खेळ मैदानावर न होतां मोबाईलच्या पडद्यावर होतात, आणि तेथें बाद करणारा पंच डोळ्यांस दिसत नाहीं. एके दिवशीं सकाळीं खेळ उघडावा, तों पडद्यावर दोन ओळी दिसतात कीं, तुमचें खातें बंद करण्यांत आलें आहे. कोणत्या डावासाठीं, कोणाच्या तक्रारीवरून, याचा बहुधा उलगडा नसतो. मग मुलगा आईकडे जातो आणि म्हणतो, ‘मीं कांहींच केलें नाहीं.’ हें वाक्य पालकांच्या तोंडून अलीकडे शिक्षकांच्याही कानांवर येऊं लागलें आहे, म्हणून त्याचा विचार या वार्षिकांत करावा असें वाटलें.

प्रथम ‘खातें’ या शब्दाचाच घोटाळा दूर केला पाहिजे. पोस्टांतलें किंवा बँकेंतलें खातें आपणांस ठाऊक असतें. त्यांतील पैसा आपला असतो. बँकेनें खातें बंद केलें तरी शिल्लक रक्कम तिला परत द्यावीच लागते. खेळाच्या खात्याचें तसें नाहीं. तें एखाद्या क्लबाच्या प्रवेशपत्रासारखें असतें. खातें उघडतांना जो लांबलचक करार पुढें येतो, आणि जो न वाचतां आपण सर्वजण ‘मान्य’ म्हणून मोकळे होतों, त्यांत हें स्पष्ट लिहिलेलें असतें. पैसे देऊन घेतलेला खेळसुद्धां बहुधा आपल्या मालकीचा होत नाहीं. तो वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०२४ सालीं कायदा करून, ही गोष्ट विक्रेत्यानें गिऱ्हाइकास आधीं उघड सांगितली पाहिजे असें ठरविलें. आणि त्याच वर्षीं स्टीम या खेळ विकणाऱ्या मोठ्या संकेतस्थळानें पैसे भरण्याच्या पानावर तसा मजकूर घालण्यास आरंभ केला. तेव्हां खातें बंद झालें असतां ‘माझी वस्तु चोरली’ असें म्हणतां येत नाहीं; ‘मला दारांतून परत पाठविलें’ एवढेंच म्हणतां येतें. तें परत पाठविणें न्याय्य होतें किंवा नव्हतें, हा खरा प्रश्न.

मी या प्रश्नाकडे मुख्यतः बुद्धिबळाच्या आधारें पाहणार आहें. बंदुकींच्या खेळांतलें मला फारसें कळत नाहीं, हें त्याचें एक कारण. दुसरें असें कीं, बुद्धिबळ पालकांनाही परिचित आहे, आणि नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकल्यावर आमच्याही शाळेंत कपाटांतले जुने पट बाहेर निघाले आहेत.

१९९७ सालीं न्यूयॉर्क येथें आय.बी.एम. कंपनीच्या ‘डीप ब्ल्यू’ नांवाच्या यंत्रानें त्या वेळचे विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह यांस सामन्यांत हरविलें. तें यंत्र भल्यामोठ्या कपाटांएवढें होतें. आज त्याहून पुष्कळच बलवान असे ‘स्टॉकफिश’सारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात, ते खिशांतल्या फोनवर चालतात, आणि त्यांच्यापुढें कोणाही विश्वविजेत्याचा टिकाव लागत नाहीं. म्हणजे आठवींतल्या मुलानें एका पडद्यावर डाव मांडला आणि दुसऱ्या पडद्यावर यंत्रास विचारून तीच खेळी केली, तर समोर बसलेल्या दुसऱ्या गांवच्या मुलाचा पराभव ठरलेलाच. आपल्याकडे ज्यास रडीचा डाव म्हणतात तो हाच. फरक इतकाच कीं, येथें रडी खेळणारा दिसत नाहीं. ‘चेस डॉट कॉम’ हें २००७ सालीं सुरू झालेलें बुद्धिबळाचें सर्वांत मोठें संकेतस्थळ. अशा लबाडीबद्दल आपण दररोज सुमारें ५०० खातीं बंद करतों, असें त्याच्या चालकांनींच २०२० सालीं सांगितलें होतें.

ही लबाडी ओळखतात कशी, याचें मुलांना फार कुतूहल असतें. ‘आमच्या खोलींत तर कोणी डोकावलें नाहीं!’ डोकावण्याची गरजच नसते. माणसाच्या खेळाला एक चाल असते. प्रतिपक्षानें आपलें मोहरें मारलें असतां उलट मारण्यावांचून गत्यंतर नसेल, तर चांगला खेळाडू ती खेळी क्षणांत करतो. जेथें चार वाटा फुटतात तेथें तो अडतो, विचार करतो, आणि पुष्कळदां चुकतोही. यंत्रास विचारून खेळणाऱ्याचें तसें होत नाहीं. सोपी खेळी असो कीं अवघड, त्याला तेवढाच वेळ लागतो, कारण विचार तो करीतच नसतो. पाहून उतरविण्यास लागणारा तो वेळ असतो. शिवाय त्याच्या खेळ्या यंत्रानें पहिल्या पसंतीच्या मानलेल्या खेळ्यांशीं जुळत जातात. एखादा डाव असा जुळला म्हणून कांहीं सिद्ध होत नाहीं. उत्तम दिवस कोणाचाही येऊं शकतो. परंतु अनेक डावांचा हिशेब मांडला असतां, या दर्जाच्या माणसाकडून असा खेळ योगायोगानें होणें कितपत संभवतें, हें गणितानें सांगतां येतें. खातें बंद झाल्यावर त्या गड्याकडून हरलेल्यांना त्यांचे गमावलेले गुण परत मिळतात. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण खातें बंद झालेल्या मुलाची सर्वांना कींव येते. पण तो ज्यांना फसवून जिंकला त्या दहा-वीस मुलांची आठवण कोणासही होत नाहीं.

२०२१ च्या जून महिन्यांत आपल्याच देशांत घडलेली गोष्ट या बाबतींत मोठी बोलकी आहे. कोविडपीडितांच्या साहाय्यार्थ निधि जमविण्यासाठीं, ५ वेळां विश्वविजेते झालेले विश्वनाथन् आनंद हे निरनिराळ्या क्षेत्रांतील प्रसिद्ध मंडळींशीं एकाच वेळीं इंटरनेटवर खेळले. चित्रपटनट आमीर खान हेही त्या मंडळींत होते. त्यांतील एका डावांत झिरोधा या शेअरदलालीच्या कंपनीचे एक संस्थापक निखिल कामत यांनीं आनंद यांचा पराभव केला! दुसऱ्याच दिवशीं कामत यांनीं स्वतः जाहीर केलें कीं, आपणांस संगणकाचें व जाणकार माणसांचें साहाय्य होतें, आणि त्यांनीं क्षमाही मागितली. आनंद यांनीं, आपण पटावर जी स्थिति होती ती पाहून खेळलों व इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, एवढ्याच अर्थाचे उद्गार काढले. चेस डॉट कॉमनें कामत यांचें खातें बंद केलें. परंतु थोड्याच दिवसांत तें पुन्हां उघडलें. तो डाव गुणांकनाचा नव्हता, त्याचे नियमही विचित्र होते, आणि आनंद यांचीच प्रकरण वाढविण्याची इच्छा नव्हती, असें कारण सांगण्यांत आलें.

आनंद यांच्या मोठ्या मनाबद्दल कोणासही आदरच वाटेल. तथापि खातें उघडण्याचें हें कारण मला पटत नाहीं. गुणांकन नसलेल्या डावांतही समोरच्याची फसवणूक ती फसवणूकच. कामत यांनीं कबुली दिली, यासाठीं तें उघडलें असें सांगितलें असतें तर मीं मान डोलावली असती. कारण चूक कबूल करणाऱ्यास नवें खातें उघडून पुन्हां खेळूं देण्याची चेस डॉट कॉमची रीतच आहे, आणि ती रीत चांगली आहे. पण ज्याच्याविषयीं वर्तमानपत्रें लिहितात त्याच्या प्रकरणाची फेरतपासणी तांतडीनें व्हावी, आणि सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या मुलास मात्र ठराविक मजकुराचें उत्तर यावें, ही विषमता मुलांच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. मुलें अशा गोष्टी फार लवकर ओळखतात.

लबाडी नवशिके लोकच करतात असेंही नाहीं. २०२० सालीं चेस डॉट कॉमच्या सांघिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत जिंकलेल्या आर्मेनियाच्या संघास अपात्र ठरवून सेंट लुईसच्या संघास विजयी ठरविण्यांत आलें, आणि आर्मेनियाच्या संघांतील तिग्रान पेट्रोसियान या ग्रँडमास्टरास त्या संकेतस्थळावरून जन्माचें उठविण्यांत आलें. (जुने विश्वविजेते पेट्रोसियान ते निराळे; हे त्यांच्या नांवाचे.) त्यांनीं आरोप नाकारला. पण ज्याची विद्या सर्वमान्य आहे त्याच्यावरही ही वेळ येते.

पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी हकीकत इंडोनेशियांतील आहे. २०२१ च्या मार्च महिन्यांत ‘देवा किपास’ नांवाच्या एका खात्यानें लेव्ही रोझमन या अमेरिकन आंतरराष्ट्रीय मास्टरास हरविलें. रोझमन हे आपले डाव यूट्यूबवर असंख्य लोकांस दाखवीत असतात. खेळाचा संशय येऊन त्यांनीं तक्रार केली, आणि तें खातें बंद झालें. खातें चालविणारे गृहस्थ प्रौढ वयाचे होते. त्यांच्या मुलानें समाजमाध्यमांत लिहिलें कीं, रोझमन यांच्या चाहत्यांनीं घाऊक तक्रारी केल्यामुळें निरपराध वडिलांचें खातें गेलें. झालें! साऱ्या देशाचा अभिमान जागा झाला, आणि ज्यांनीं आयुष्यांत प्यादेंही हलविलें नव्हतें त्यांनींसुद्धां रोझमन यांच्यावर शिव्याशापांचा वर्षाव केला. अखेर २२ मार्च रोजीं त्या गृहस्थांचा इंडोनेशियाच्याच आयरीन सुकंदर या नामांकित खेळाडूशीं कॅमेऱ्यासमोर सामना झाला. १० लाखांहून अधिक लोक एकाच वेळीं तो पाहत होते. ३ डाव झाले, आणि तीनही आयरीन यांनीं जिंकले.

आयरीन यांच्याकडून हरण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. आशियांतल्या उत्तम खेळाडूंपैकीं त्या एक. परंतु ज्या हातानें पडद्यावर जवळजवळ निर्दोष डाव खेळले होते त्याच हातानें येथें ढोबळ चुका केल्या, हें जाणत्यांना स्पष्ट दिसलें. त्या पुत्राचा मला राग येत नाहीं. बापाच्या पाठीशीं उभें राहण्यांत वाईट काय? त्यानें जगास सांगण्यापूर्वीं घरांत नीट विचारलें असतें, तर मात्र पुढची शोभा टळली असती. आपल्याकडे हाच प्रकार उलट दिशेनें घडतो. मुलगा म्हणतो ‘मीं कांहींच केलें नाहीं’, आणि त्याच दिवशीं बापाचें जळजळीत पत्र संस्थेस जातें.

खातें बंद होण्याचीं इतर कारणें थोडक्यांत सांगतों. प्रतिपक्षास अर्वाच्य शिव्या लिहिणें, मुद्दाम हरून दुसऱ्याचें गुणांकन वाढविणें, एकाच माणसानें दोन-तीन खातीं चालविणें, वाढविलेलें खातें विकणें, हीं तीं कारणें. यांत कोणासही समजावून सांगण्यासारखें फारसें नाहीं. परंतु दोन कारणें अशीं आहेत कीं, त्यांत मुलापेक्षां घराचा वांटा अधिक असतो.

एक पैशाचें. मुलगा आईच्या कार्डावर खेळांतलीं हत्यारें किंवा पोषाख विकत घेतो. महिन्याअखेर हिशेब पाहून वडील चिडतात आणि बँकेस सांगतात कीं, हा व्यवहार आमचा नव्हे, पैसे परत आणा. बँक पैसे परत मागते, आणि खेळाची संस्था तें खातें तत्काळ गोठविते. कारण चोरलेल्या कार्डाचा व्यवहार आणि रागावलेल्या बापाचा व्यवहार हे तिला सारखेच दिसतात. अशा वेळीं आधीं संस्थेकडेच परताव्याचा अर्ज करावा. शिवाय घरांतल्याच मुलानें केलेला व्यवहार ‘आमचा नव्हे’ असें बँकेस सांगणें, हें तरी सरळ आहे काय?

दुसरें कारण वयाचें. अमेरिकेंत १९९८ सालीं झालेल्या कायद्यान्वयें १३ वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या संमतीवांचून गोळा करतां येत नाहीं. त्यामुळें तिकडच्या पुष्कळ संस्था १३ वर्षांखालील मुलांस एक तर दारांतच अडवितात, किंवा त्यांचें खातें निराळें व बंदिस्त ठेवितात. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानें १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे. आतां घरोघरीं काय चालतें? पांचवींतल्या मुलीला खातें उघडावयाचें असतें. जन्मवर्ष विचारलें जातें. शेजारीं बसलेले काका म्हणतात, ‘टाक २००० साल!’ पुढें केव्हां तरी हें खोटें उघडकीस येतें आणि खातें बंद होतें. मुलगी रडते. पण तिच्याकडून पहिलें खोटें कोणी लिहवून घेतलें, याचा विचार त्या घरीं क्वचितच होत असेल.

येथवर मीं संस्थांची बाजू मांडली. ती पुष्कळ अंशीं खरी आहे, परंतु पुरी नाहीं. सुक्याबरोबर ओलेंही जळतें, आणि जेथें यंत्र जाळतें तेथें तें एकदम हजारोंनीं जळतें. स्टीम चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचें लबाडी पकडणारें एक यंत्र २००२ पासून चालू आहे. त्यानें घातलेली बंदी कायमची असते आणि विनवणीनें उठत नाहीं. २०१० च्या जुलै महिन्यांत ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या खेळांतील सुमारें १२,००० निरपराध खेळाडूंवर त्या यंत्रानें बंदी घातली. कारण कंपनीनेंच आपल्या प्रोग्रॅममध्यें केलेला बदल तिच्याच यंत्राला लबाडीसारखा दिसला. त्या बाराही हजार लोकांनीं ‘आम्ही कांहीं केलें नाहीं’ म्हटलें असेल, आणि तें अक्षरशः खरें होतें. पुढें कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनीं पत्र लिहून क्षमा मागितली, बंदी उठविली, आणि प्रत्येकास दुसरा एक खेळ भेट दिला. २०२३ च्या ऑक्टोबरांत पुन्हां तसेंच झालें. ए.एम.डी. कंपनीनें आपल्या चित्रपट्टिकांसाठीं, म्हणजे पडद्यावरील चित्र उमटविणाऱ्या भागांसाठीं, काढलेली एक नवी सोय ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्यें लबाडी समजली गेली. ती सोय मागें घ्यावी लागली आणि खातीं परत द्यावीं लागलीं.

याहून अवघड प्रकरण हान्स नीमन यांचें. २०२२ च्या सप्टेंबरांत या १९ वर्षांच्या अमेरिकन खेळाडूनें सेंट लुईस येथें प्रत्यक्ष पटावर विश्वविजेते मॅग्नस कार्लसन यांस हरविलें. कार्लसन स्पर्धा सोडून गेले, आणि लागलीच चेस डॉट कॉमनें नीमन यांचें खातें बंद केलें. नीमन यांनीं लहानपणीं इंटरनेटवर लबाडी केल्याचें कबूल केलें; चेस डॉट कॉमच्या ऑक्टोबरमधील अहवालांत, त्यांनीं इंटरनेटवरील १०० हून अधिक डावांत ती केली असण्याचा संभव दाखविला होता. पण पटावरच्या त्या विजयांत लबाडी झाल्याचा थेट पुरावा त्यांत नव्हता. नीमन यांनीं १० कोटी डॉलरांचा दावा लावला, तो २०२३ च्या जूनमध्यें न्यायालयानें फेटाळला, आणि ऑगस्टमध्यें तडजोड होऊन त्यांचें खातें पुन्हां उघडलें. नीमन साधु होते असें माझें म्हणणें नाहीं. पण जुन्या दोषाबद्दलची शिक्षा नव्या विजयाच्या दुसऱ्या दिवशीं बजावली, तर ती कोणत्या गोष्टीची शिक्षा आहे असें लोकांनीं समजावें? फिर्यादी, पंच आणि शिक्षा बजावणारा असे तिघे एकाच अंगरख्यांत असले, कीं असा संशय येणारच.

लबाडी कशी पकडली तें संस्था सांगत नाहींत, हें मी समजूं शकतों. कुलपाची रचना चोरास सांगून कसें चालेल? परंतु आरोप काय आहे, तो कोणत्या डावाबद्दल आहे, आणि अर्ज कोणी माणसानें वाचला किंवा नाहीं, एवढें सांगितल्यानें कोणतेंही कुलूप उघडत नाहीं. निदान अज्ञान मुलाच्या बाबतींत तरी हें त्याच्या पालकांस कळविणें संस्थांवर बंधनकारक असावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

सरकारी बंदीनें खेळ जातो तो प्रकार निराळा. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें पब्जी मोबाईल धरून ११८ ॲपांवर बंदी घातली, तेव्हां असंख्य मुलांचीं खातीं त्यांच्या कोणत्याही दोषावांचून बंद पडलीं. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा संमत केला. असे खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यांत शिक्षा आहे, खेळणाऱ्यास नाहीं. मुंबईच्या ड्रीम इलेव्हननें पैशाच्या स्पर्धा त्याच महिन्यांत थांबविल्या. त्याबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाहीं.

आतां घरीं प्रसंग आला तर काय करावें? लांकडी पट मांडावा. ज्या डावाबद्दल संशय असेल तो डाव त्या खात्यांतून किंवा मुलाच्या आठवणींतून पटावर लावावा, आणि मध्येंच थांबून शांतपणें विचारावें, ‘हा वजीर येथें कां आणलास?’ ज्यानें खेळी स्वतः केली असेल त्याला कारण सांगतां येतें. तें कारण चुकीचें असेल, बालिश असेल, पण तें असतें. ज्यानें ती पाहून उतरविली असेल तो पटाकडे पाहत राहतो. याला बुद्धिबळ उत्तम येणें आवश्यक नाहीं. मुलाचा चेहरा ओळखतां आला म्हणजे पुरे. चूक असेल तर ती लिहून कबूल करूं द्यावी. नसेल तर पालकांनीं आपल्या नांवानें, डावाची तारीख देऊन, सभ्य भाषेंत अर्ज करावा. त्याचें उत्तर येण्यास कित्येक दिवस लागतात. तेवढ्या अवधींत मुलानें दुसऱ्या नांवानें नवें खातें उघडूं नये. कारण तें उघडलें असतां पहिल्या आरोपांतून सुटणारा मुलगाही दुसऱ्या आरोपांत खरोखरच सांपडतो.